रंकाळ्याला फेरी मारणारं हाड

धैर्यशील साळोखे यांना ज्या गाडीनं जखमी केलं, तिची तशी काही चूक नव्हती. एका खाजगी कंत्राटदाराची ती चालकाविना चालणारी कचरागाडी होती आणि २०४३ सालच्या मानानं हुशारच होती. रस्त्यावर जे हलतं ते माणूस, म्हैस किंवा कुत्रं, त्याला वाट द्यायची. आणि जे बराच वेळ एका जागी पडून असतं तो कचरा, तो उचलायचा, एवढं तिला नीट शिकवलेलं होतं. त्या सकाळी साळोखे दुधाच्या कट्ट्याच्या कडेला पाय पसरून बसले होते. बराच वेळ. गाडीनं त्यांना निरखलं, ओला कचरा ठरवलं आणि पुढचा पंजा खाली सोडला.

उजव्या नडगीचं हाड मधोमध चार बोटं इतकं चुरडलं. दुधाचा पेला मात्र शाबूत राहिला. तो त्यांच्या हातात होता आणि हात त्यांनी वर धरला होता.

"वैजूला सांग," पेला सर्जेराव गवळ्याच्या हवाली करत साळोखे विव्हळले, "फेरी संपवून परत येत होतो म्हणून."

ही फेरी म्हणजे रंकाळा तलावाची. साळोखे पाटबंधाऱ्यातून निवृत्त झालेले उपअभियंता. नोकरीत असताना त्यांनी मैलोन्‌मैल कालव्यांची पाहणी जीपमधून केली होती, त्यामुळे पोट लवकर सुटलं. बायकोनं, म्हणजे वैजयंतीनं, पहाटे चालायला जा म्हणून सांगितलं. तेव्हापासून बावीस वर्षं ते रोज उजाडताना पांढरे बूट घालून रंकाळ्याला फेरी मारायला निघत, कोपऱ्यावर उजवीकडे वळण्याऐवजी डावीकडे वळत आणि सर्जेरावच्या कट्ट्यावर जाऊन बसत. समोर म्हशीची धार पेल्यात पडायची, वर फेस यायचा. ऊन म्हशीच्या पाठीवर आलं की साळोखे उठत, हौदातलं पाणी घाम म्हणून कपाळाला लावत आणि दमल्यासारखे घरी जात.

यात कुणाचं काही नुकसान नव्हतं. नडगीचं सोडून.

* * *

कळंबा रस्त्यावर तेव्हा अस्थिजाल केंद्र नवंच निघालं होतं. तिथं हाडं तयार होत नसत. हाडांसाठी जागा तयार होत असे. केंद्र चालवणारी डॉ. ऋजुता शिरगुप्पे ही इथलीच मुलगी, बोलायला मोकळी. तिनं एक पांढरा, खडबडीत तुकडा साळोख्यांच्या तळहातावर ठेवला. वजन टोस्टइतकं, रूपही साधारण तेच.

"काका, एका बाजूनं फुंकर मारा. काकू, तुम्ही दुसऱ्या बाजूला हात धरा."

साळोख्यांनी फुंकर मारली. वैजयंतीच्या बोटांना वारा लागला.

"लागला ना? म्हणजे आतली सगळी भोकं एकमेकांत उघडतात. नुसती भोकं असून उपयोग नसतो. घरात खोल्याच खोल्या आणि दारं एकालाही नाहीत, तर राहणार कोण? तुम्ही इंजिनिअर, तुम्हाला पटकन कळेल. बांधकामाला बांबूची परांची बांधतात तशी ही परांची आहे. तुमच्याच शरीरातल्या पेशी म्हणजे गवंडी. ते हिच्यावर चढणार, रक्तवाहिन्या या बोळांतनं माल आणून देणार, आणि हाड उभं राहत जाईल तशी परांची आपोआप विरघळणार. सहा महिन्यांत तिचं नाव उरणार नाही."

"आणि तोवर हाड उभं राहिलं नाही तर?" वैजयंतीनं विचारलं.

"तर मधे पोकळी. मग लोखंडी सळी, कायमची काठी. गुडघा पुरता वळणार नाही. मांडी घालणं, उकिडवं बसणं विसरायचं."

साळोख्यांनी मनातल्या मनात दुधाच्या कट्ट्याची उंची मोजली. ती फारच कमी होती.

"पण तसं सहसा होत नाही," डॉक्टर म्हणाली. "कारण इथं खरी गंमत आहे. हाडाचा स्वभाव मोठा व्यवहारी. जिथं भार पडतो तिथं ते भर घालतं, जिथं पडत नाही तिथलं काढून नेतं. आमच्या या परांचीवर दाब पडला की तिच्यात अगदी सूक्ष्म वीज तयार होते. ती वीज म्हणजे गवंड्यांना हाक: इथं बांधा. म्हणून प्रत्येक पेशंटची जाळी त्याच्या राहणीप्रमाणं छापावी लागते. हमालाची वेगळी, शिंप्याची वेगळी. दणकट जाळी घालून माणूस नुसता बसून राहिला, तर हाकच जात नाही. नाजूक जाळी घालून जड काम केलं, तर जाळीच तुटते. तेव्हा आधी यंत्र तुमची मुलाखत घेईल. खरं काय ते सांगा, म्हणजे झालं."

भिंतीवरच्या यंत्राचा दिवा लागला.

आपल्याकडे दवाखान्यात नवऱ्याला काही विचारलं की उत्तर बायको देते. झोप लागते का, पोट साफ होतं का, दुखतं ते ठुसठुसतं की कळ येते, हे सगळं तिलाच जास्त ठाऊक असतं असं डॉक्टर, नवरा आणि ती स्वतः, तिघंही धरून चालतात. ज्या कुणी हे यंत्र घडवलं, त्यांच्या देशात ही पद्धत नसावी. आवाज कुणाचा, हे त्यानं तपासलंच नाही.

"नमस्कार," यंत्र म्हणालं. "रुग्ण नियमित चालतात का?"

"रोज," वैजयंती म्हणाली. "रंकाळ्याला पूर्ण फेरी. पाऊस असो, थंडी असो."

साळोखे छताकडे पाहू लागले. छत चांगलं होतं.

"रुग्ण जमिनीवर बसतात का?"

"बसतात की. जेवायला मांडी घालून. आणि विळीवर."

यंत्राचा दिवा लुकलुकला. "विळी हे भाजी चिरण्याचे साधन आहे, अशी माझी माहिती आहे. रुग्ण त्यावर बसतात?"

"पात्यावर नाही हो, पाटावर! एक गुडघा वर, एक पाय दुमडून. रोज नारळ खवून देतात. पांढऱ्या रश्श्याला लागतो."

साळोख्यांनी मान वळवून बायकोकडे पाहिलं. विळीला त्यांचा हात शेवटचा लागला तो घर बदलताना, आणि तेव्हा विळीनंच पुढाकार घेतला होता.

"रुग्ण उंचावर चढतात का?"

"माळ्यावर. आठवड्याला. जळमटं काढतात, वरचं सामान लावून ठेवतात. दळणाचा डबाही तेच खांद्यावरनं नेतात. मी म्हणते, राहू दे हो. पण ऐकत नाहीत."

"अभिनंदन. रुग्णाची हालचाल वयाच्या मानाने कौतुकास्पद आहे."

डॉ. शिरगुप्पेचा चेहरा फुलला. "काका, असा पेशंट मला पहिल्यांदाच मिळाला. बरोबर आहे ना सगळं?"

विचार करायला साळोख्यांकडे फार वेळ नव्हता. विळी नाही म्हणावं, तर माळा निघणार. माळा नाही म्हणावं, तर दळण. आणि एकदा हा दोरा उसवायला लागला, की तो थेट रंकाळ्यापर्यंत उसवत जाणार. वैजयंती त्यांच्याकडे अगदी निर्मळ नजरेनं पाहत होती.

"साधारण," साळोखे म्हणाले.

* * *

शस्त्रक्रिया झकास झाली. काही आठवड्यांनी कुबड्या सुटल्या, पाय टेकायची परवानगी मिळाली. डॉक्टरनं निरोप देताना सांगितलं, "आता काही वेगळं करायचं नाही, काका. तुम्ही जसे जगत होता तसेच जगा. बाकीचं हाड बघून घेईल."

साळोख्यांनी हा सल्ला तंतोतंत पाळला. सकाळी बूट चढवले, काठी घेतली, कोपऱ्यावर डावीकडे वळले. सर्जेरावनं पेला भरला. कचरागाडी लांबून दिसली की साळोखे अधूनमधून हात हलवत, म्हणजे गैरसमज नको.

घरी वैजयंती सकाळी स्वयंपाकघरात विळी मांडून शेजारी फोडलेला नारळ ठेवी. साळोखे त्या विळीला वळसा घालून पाणी प्यायला जात. दुपार झाली की ती स्वतःच खाली बसून नारळ खवून टाकी.

महिन्याभरानं पहिला फोटो काढला. डॉक्टरनं तो पडद्यावर दोनदा मोठा करून पाहिला.

"जाळी विरघळायला लागलीय," ती म्हणाली. "हाड नाही. एक कण नाही. तुमचं सगळं नेहमीसारखंच चाललंय ना काका?"

"अगदी नेहमीसारखं," साळोखे म्हणाले. त्या केंद्रात आल्यापासून ते बोललेलं हे सर्वांत खरं वाक्य होतं.

"मग माझंच चुकलं." डॉक्टरनं चष्मा काढून टेबलावर ठेवला. "भोकांचं माप चुकलं असणार. याच मापानं अजून सहा जाळ्या छापायच्या आहेत, सहा माणसं वाट बघतायत. त्या थांबवते. तुमच्यासाठी अजून दोन महिने बघू. नाहीतर सळी."

परतताना रिक्षात वैजयंती बाहेर बघत होती. साळोखे आपल्या पायाकडे बघत होते. दुसऱ्याच कुणासाठी बांधलेलं घर आपल्या नावावर लागावं आणि आपण ते ओसाड ठेवावं, तसं काहीतरी त्या नडगीत झालेलं होतं. आणि त्यापायी एका चांगल्या मुलीचा स्वतःच्या गणितावरचा विश्वास उडाला होता.

दुसऱ्या दिवशी त्यांनी सर्जेरावला सगळं सांगितलं.

"मग सांगून टाक की लेका," सर्जेराव म्हणाला.

"कुणाला?"

"डॉक्टरणीला."

"तिला सांगितलं की वैजूला कळतंय."

"मग वैनीला आधी सांग."

"बावीस वर्षं, सर्जा. हौदातलं पाणी लावून घरी गेलोय मी. आज काय सांगू? हौद आटला म्हणून?"

सर्जेरावनं म्हशीच्या पाठीवर थाप मारली, रिकामा पेला उपडा घातला आणि साळोख्यांसाठी भरला नाही.

"मग एकच ऱ्हातंय," तो म्हणाला. "चाल."

* * *

कोपऱ्यावर उजवीकडे वळताना साळोख्यांना परगावी आल्यासारखं वाटलं. रंकाळ्यावर एवढी माणसं पहाटे येतात, हे ते वर्षानुवर्षं घरी सांगत आले होते. पण ते खरं असेल अशी त्यांची कल्पना नव्हती. पाण्यावर धुकं होतं. माणसं गंभीर चेहऱ्यानं हात हलवत चालली होती.

"फेरी कुठनं सुरू होते हो?" साळोख्यांनी एकाला थांबवून विचारलं.

"गोल आहे की," तो न थांबता म्हणाला. "कुठनंबी."

पहिल्या दिवशी ते पहिल्या बाकापर्यंत गेले. तिथं नडगीत मुंग्या आल्यासारखं झालं. हीच ती वीज असावी, गवंड्यांना गेलेली हाक, असं वाटून त्यांना उगाच बरं वाटलं. मग ते दुसऱ्या बाकापर्यंत गेले.

आठवड्यानं वैजयंतीही बूट घालून निघाली. "डॉक्टरीण म्हणाली, एकट्यांना सोडू नका."

हे संकट साळोख्यांनी हिशेबात धरलं नव्हतं. कारण फेरीबरोबर त्यांनी फेरीचा सोबतीही निर्माण केलेला होता. घाटगे वकील. घरात जे मत स्वतःच्या नावावर खपलं नसतं ते साळोखे घाटगे वकिलांच्या नावावर खपवत. दिवाळीला सासुरवाडीला जाणं हल्ली कुणी करत नाही, जावयानं भाजी आणायची नसते, वगैरे सर्व घाटगे वकिलांचं.

"घाटगे वकील दिसत नाहीत कुठं ते?" तलावाचं पहिलं वळण येताच वैजयंतीनं विचारलं.

"गेले ते."

"पुढं गेले?"

"वर गेले."

"अगंबाई! कधी?"

"परवा."

"आपण भेटायला जायला पाहिजे त्यांच्या घरी."

"मूळ गाव लांब आहे त्यांचं," साळोखे घाईनं म्हणाले आणि इतक्या वेगानं चालू लागले, की नडगीनं त्या दिवशी बहुधा जादा गवंडी लावले.

विळीचं प्रकरण अवघड होतं. चालायला निदान दोन्ही पाय एका दिशेला जातात. विळीवर एक गुडघा हनुवटीपाशी, दुसरा पाय जमिनीवर आडवा, पाट डुगडुगता, आणि समोर दातेरी खवणी. पहिल्या दिवशी नारळाची कवड हातातून निसटून फ्रिजखाली गेली.

"काय करताय?" वैजयंतीनं दारातून विचारलं.

"नारळ खवतोय. नेहमीसारखा."

"बरं," ती म्हणाली. "करवंटी नका खवू फक्त."

पण महिनाभरात त्यांच्या हाताला लय आली. पांढरा रस्सा घट्ट व्हायला लागला. वैजयंती तारीफ करीत नसे. फक्त दुसऱ्यांदा वाढून घेई. दळणाचा डबाही साळोखे खांद्यावरून नेऊ लागले. गिरणीवाल्यानं त्यांना नाव विचारलं.

मग राहिला माळा. एका रविवारी ते शिडी लावून वर चढले. वर जळमटं विपुल होती, पुढचे कित्येक रविवार पुरतील इतकी. चढलोच आहोत तर काहीतरी घेऊन उतरावं, म्हणून त्यांनी कोपऱ्यातली जुन्या लुगड्यात गुंडाळलेली मोठी चौकोनी वस्तू खाली आणली. दोरी सोडली तर आत कॅरमचा बोर्ड निघाला.

वैजयंती हात पुसत आली आणि तिथंच थांबली. तिनं बोर्डाच्या एका कोपऱ्यातल्या जाळीत बोट घालून पाहिलं.

"हा कुणाचा?" साळोख्यांनी विचारलं.

"माझा. विद्यापीठात दुसरी आले होते मी. सांगितलं होतं तुम्हाला."

सांगितलं होतं खरं. लग्न ठरताना कांदेपोह्यांच्या वेळी. साळोख्यांनी तेव्हा मान डोलावली होती आणि पोह्यांत खोबरं जरा कमी आहे, एवढंच त्यांच्या लक्षात राहिलं होतं.

दुपारी पावडर टाकून दोघं खेळायला बसली, जमिनीवर, मांडी घालून. साळोख्यांची पहिली पाळी येईपर्यंत वैजयंतीच्या निम्म्या सोंगट्या संपल्या होत्या. मग तिनं राणी घेतली, लगेच तिच्यामागं दुसरी सोंगटी घातली आणि स्ट्रायकर त्यांच्याकडे सरकवला.

"घाटगे वकील काय म्हणायचे कॅरमबद्दल?" तिनं विचारलं.

"त्या विषयावर ते बोलले नाहीत कधी," साळोखे म्हणाले.

* * *

दुसऱ्या फोटोच्या दिवशी डॉ. शिरगुप्पेनं पडदा त्यांच्याकडे वळवला.

"बघा! भरलंय. पोकळीच नाही राहिली. ही उभी वीण दिसतेय ना, ही चालण्याची. ही तिरकी गेलीय ती विळीची. अशी वीण मी आजवर कुठल्याच फोटोत पाहिलेली नाही. आणि इथं कडेला जाड झालंय, तो माळा." ती खुर्चीत मागं रेलली. "पहिल्या महिन्यात काय झालं होतं देव जाणे. हाड लाजलं असेल. पण माप बरोबर होतं माझं! त्या सहाही जणांच्या शस्त्रक्रिया लावतेय मी."

आपल्या नडगीत आपली दिनचर्या अशी कोरलेली पाहून साळोख्यांना गहिवरल्यासारखं झालं. त्यांनी बोलायला तोंड उघडलं. मग मिटलं. आधी एका ठिकाणी बोलणं भाग होतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे रंकाळ्याच्या निम्म्या फेरीवर त्यांनी सुरुवात केली.

"वैजू, एक सांगायचं होतं. ऑपरेशनच्या आधी मी इथं कधी आलोच नव्हतो."

"हं."

"कधीच नाही. एकदाही नाही."

"माहीत आहे."

साळोखे चालता चालता अडखळले. "कधीपासनं?"

"पहिल्या वर्षापासनं. माणूस रोज फेरी मारतो आणि त्याच्या बुटाचा तळ घासत नाही, असं कुठं असतं का? आणि तुमच्या घामाला म्हशीचा वास." वैजयंती पाण्याकडे बघत चालत होती. "शिवाय गॅलरीतनं कोपरा दिसतो. तुम्ही कपडे वाळत घालायला गॅलरीत गेला असता, तर तुम्हालाही कळलं असतं."

"मग बोलली का नाहीस?"

"कशाला बोलू? रोज सकाळी तासभर घर माझं एकटीचं होतं. चहा बसून प्यायला मिळायचा. तुम्ही फेरीहून लवकर आलात की मलाच चुकल्यासारखं व्हायचं."

"आणि त्या यंत्रासमोर? विळी काय, माळा काय!"

"खरं सांगितलं असतं तर त्यानं कट्ट्यावर बसण्यापुरतं हाड दिलं असतं. तेवढ्यासाठी एवढी मोठी शस्त्रक्रिया करायची?"

"आणि ते आलंच नसतं म्हणजे? काठी घेऊन बसलो असतो जन्मभर."

वैजयंतीचा आवाज खाली आला. "पहिल्या फोटोनंतर मला घास गेला नाही. वाटलं, आपण हे काय करून बसलो. दुसऱ्या दिवशी दिवसभर स्वतःशी भांडले. तिसऱ्या दिवशी पहाटे चप्पल घातली होती, डॉक्टरणीच्या घरी जाऊन सगळं सांगणार होते. निघताना गॅलरीचं दार लावायला गेले आणि सहज खाली बघितलं. तुम्ही उजवीकडे वळलात."

साळोख्यांनी पाय उचलून बुटाचा घासलेला तळ पाहिला.

"म्हणजे घाटगे वकिलांचंपण..."

"त्यांचं मात्र खरंच वाईट वाटलं मला," वैजयंती म्हणाली. "बावीस वर्षांचा सहवास. आणि तुम्ही एका वळणावर मारून टाकलंत त्यांना!"

एवढं बोलून ती हसायला लागली. तिथंच रस्त्यात कमरेवर हात ठेवून उभी राहिली आणि डोळ्यांतून पाणी येईतो हसत राहिली. साळोखे सवयीनं दहाएक पावलं पुढं गेले होते. त्यांनी वळून पाहिलं तेव्हा तिच्यामागं कचरागाडी येऊन थांबली होती.

कंत्राटदारानं आता गाडीत सुधारणा केली होती. पंजा सोडण्याआधी ती "कृपया बाजूला व्हा" असं म्हणायची. म्हणालीही. पण हसण्याच्या आवाजात ते कुणाला ऐकू गेलं नाही. एका जागी उभ्या असलेल्या वैजयंतीला तिनं निरखलं आणि या खेपेला सुका कचरा ठरवलं.

* * *

उजव्या मनगटाच्या मुळाशी नावेच्या आकाराचं एक छोटं हाड असतं. त्याचा भुगा झाला. बाकी सगळं ठीक होतं.

"एवढीशी जाळी लागेल, शेंगदाण्याएवढी," डॉ. शिरगुप्पे म्हणाली. आता ती साळोखे दांपत्याला घरचंच मानत असे. "काका, तुम्हाला सांगायचं राहिलं. तुमच्यामागनं जे सहा काका आले ना, त्यांच्या मुलाखतीपण अशाच निघाल्या! सगळे विळीवर बसतात. सगळे माळ्यावर चढतात. हाडं काय सुंदर भरतायत! या भागातल्या पुरुषांवर मी एक निबंध लिहायला घेतलाय."

वैजयंतीनं गळ्यात अडकवलेली हाताची झोळी सारखी केली. बाहेरच्या बाकावर बसणाऱ्या सहाही बायकांशी तिची चांगली ओळख झालेली होती.

यंत्राचा दिवा लागला. "नमस्कार. रुग्ण उजव्या हाताने जड भांडी उचलतात का?"

वैजयंतीनं उत्तर द्यायला तोंड उघडलं.

"नाही," साळोखे म्हणाले. "कुकर मी उतरवतो."

वैजयंतीनं मान वळवून नवऱ्याकडे पाहिलं.

"रुग्ण नारळ खवतात का?"

"ते खातं माझ्याकडं आहे."

"कपडे पिळणे? कणीक मळणे?"

कणकेला साळोख्यांनी उभ्या आयुष्यात हात लावलेला नव्हता. "मी मळतो," ते म्हणाले. "कपडेही मीच. गॅलरीत नेऊन वाळत घालतो."

"काका, नीट आठवून सांगा हं," डॉक्टरनं बजावलं. "तुम्ही सांगता तशी ही जाळी एकदम नाजूक छापावी लागेल. नंतर काकूंनी जड काही केलं तर तुटेल. मग काही करता येणार नाही."

"माहीत आहे," साळोखे म्हणाले. "काही वेगळं करायचं नाही. जशी जगत होती तसंच जगायचं."

यंत्र जरा विचारात पडलं. "मग रुग्ण दिवसभर उजव्या हाताने काय करतात?"

"कॅरम खेळतात. रोज दुपारी. निम्म्या सोंगट्या पहिल्याच पाळीत. आणि सकाळी रंकाळ्याची फेरी झाली की दुधाच्या कट्ट्यावर बसतात. तिथं पेला उचलावा लागतो. भरलेला असतो, पण फेसच जास्त. तेवढा धरा."

"अभिनंदन," यंत्र म्हणालं. "रुग्णाचे आयुष्य हेवा वाटण्याजोगे आहे."

डॉ. शिरगुप्पेनं हसत हसत वैजयंतीकडे पाहिलं. "बरोबर आहे ना काकू सगळं?"

वैजयंतीच्या डोळ्यांसमोर कणकेची परात येऊन गेली असावी, आणि परातीसमोर मनगटापर्यंत पिठात बुडालेले साळोखे. तिनं नवऱ्याकडे पाहिलं. साळोखे अगदी निर्मळ नजरेनं तिच्याकडे बघत होते.

"साधारण," ती म्हणाली.